निळ्या पट्ट्याची डावी चप्पल

नाना सोनवणे जमिनीला आधी टाच मारायचे आणि मग नमस्कार करायचे. आमच्या हॉलमधली मुलं नेमकी उलटी शिकलेली. दारात वाकायचं, फ्लोअरला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि मग आत पाऊल टाकायचं. नानांना हे अजिबात पटत नसे. "पाया पडायच्या आधी तिची तब्येत तरी विचारा," म्हणायचे. रोज सकाळी सहाला ते स्वतःच्या किल्लीनं हॉल उघडत, पायजमा घोट्याच्या वर दुमडत आणि एका कोपऱ्यापासून अनवाणी चालायला लागत. पाऊल टाकायचं, टाच आपटायची, मान डावीकडे कलती करून ऐकायचं, पुढं सरकायचं. बारा मीटर लांब आणि बारा मीटर रुंद फ्लोअर असा टाचेखालून घालायला त्यांना पाऊण तास लागे. शेवटच्या कोपऱ्यात पोचले की मागं वळायचे आणि दोन्ही हात जोडायचे. मग खिशातून चुन्याची डबी निघायची.

मी जिम्नॅस्टिक्स शिकवते. सिडकोतल्या एका व्यायामशाळेचा मोठा हॉल आमच्याकडे आहे. नानांचं घर हॉलच्या मागच्याच गल्लीत, इतकं चिकटून की त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत आणि आमची मागची भिंत एकच. अंबडच्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. मूळचे नांदगावकडचे. नाशकात इतकी वर्षं राहूनही बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, भांडायला आलेत. पोरांच्या उड्यांचा आवाज होतो म्हणून गल्लीतून आधीही दोघं-तिघं तणतणून गेले होते आणि त्यांना काय ऐकवायचं ते मला तोंडपाठ झालं होतं. मी कमरेला हात लावूनच पुढं झाले. नाना दारात उभे. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, खाली पाहिलं. तेव्हा आमच्याकडं शहाबादी फरशीवर काथ्याच्या गाद्या अंथरलेल्या असत.

"तुमची पोरं पडतात ते माझ्या भिंतीत ऐकू येतं," ते म्हणाले.

"सरावाची वेळ पाटीवर लिहिलेली आहे," मी म्हटलं.

"वेळेचं नाय म्हणत ताई. आवाजाचं म्हणतोय. ही जमीन काहीच खात नाय. समदं परत पोरांच्या हाडात पाठवती."

मी एवढी गुर्मीत होते, तरी गप्प झाले. कारण त्या महिन्यात माझ्या तीन मुलींच्या नडग्या दुखत होत्या आणि एकीची टाच सुजली होती. मी त्यांना बर्फ लावायला सांगत होते आणि वर 'सहन करायला शिका' असंही सांगत होते. माझ्या प्रशिक्षकांनी मला तेच सांगितलं होतं. शेजारचा एक निवृत्त कामगार भिंतीला कान लावून जे ओळखतो, ते मला रोज समोर बघून ओळखता आलं नव्हतं.

पुढचे सात-आठ महिने नानांनी आमच्या हॉलला वाहून घेतलं. मोबाइलवर परदेशातल्या फ्लोअरचे व्हिडिओ बघायचे, आवाज बंद करून, कारण बोलणारे त्यांच्या मते उगाच वटवट करत. खाली स्प्रिंगा, त्यावर प्लायवूडचे तक्ते, त्यावर फोम, वर गालिचा. तक्त्यांना ते पाट म्हणत. दहा रांगा, एका रांगेत पाच पाट. कारखान्यातले जुने सोबती सुट्टीच्या दिवशी येऊन हात लावून जात. प्रत्येक स्प्रिंग नाना स्वतः तपासत. गव्हाचं एक पोतं आणून ठेवलं होतं. ते स्प्रिंगवर टेकवायचं, किती दबते ते पट्टीनं मोजायचं, आणि जराशी जरी वेगळी निघाली तरी ती बाजूला. "एका पाटाखालच्या समद्या बहिणी एका उंचीच्या पाहिजेत," म्हणायचे. "एक जरी बुटकी निघाली तर पाय तिच्याकडं कलतो आन् घोटा जातो." सुशीलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ते पोतं परत मागून मागून थकल्या. शेवटी त्यांनी दुसरे गहू भरले.

पहिला फ्लोअर साफ फसला, हे सांगायलाच हवं. नानांनी स्प्रिंगा फार मऊ घेतल्या होत्या. मुलींना आधी सोडायला ते तयार नव्हते. "पयला मी," म्हणाले आणि पासष्टीच्या माणसानं पायजम्यावर धावत येऊन उडी मारली. फ्लोअरनं त्यांना झेललं आणि लगेच परत फेकलं. ते दोन पाट पुढं जाऊन बसते झाले, टोपी एकीकडं, चुन्याची डबी दुसरीकडं. सगळा हॉल हसत होता. नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "खाती बरी, पण लय उलटी करती." आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या स्प्रिंगा काढायला घेतल्या. दोन पाटांच्या सांध्यात बोट अडकू नये म्हणून खालून चिकटपट्ट्या बसवल्या, कडेला उतार दिला. दुसरा फ्लोअर जमला. त्यावरून चालताना पावलाला काही कळायचं नाही, पण वरून पडलेली मुलगी हलकेच उतरायची. महिन्याभरात नडग्यांच्या तक्रारी थांबल्या. मागच्या भिंतीला कान लावून नाना म्हणाले, "आता जेवायला लागली."

त्यांच्या डाव्या हाताला अडीच बोटं होती. अंगठा, करंगळी आणि मधलं अर्धं. मुलांना त्याचं भारी कुतूहल. एकदा चहा पिताना मीच विचारलं. ते म्हणाले, कारखान्यात प्रेस बंद करून आतलं काम करत होतो. स्विचला पाटी लावली होती, 'काम चालू आहे, हात लावू नये.' कुणीतरी पाटी काढली आणि बटण दाबलं.

"कुणी काढली?"

"हाय एक जण. साहेब लोक बघायला यायचे होते, पाटी वाईट दिसती म्हणून काढली त्यानं. नंतर चौकशी झाली तेव्हा म्हणाला, पाटी नव्हतीच."

"आणि तुम्ही?"

"मी काय म्हणणार? माझा हात गेलता, त्याची नोकरी गेली असती. दोन लहान पोरं होती त्याला." नानांनी बशीतला चहा फुंकला. "दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवतो. सतरा वर्षं झाली. स्वतः कधी आला नाय. डबा येतो."

मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की मी म्हटलं, तुम्ही तो डबा घेताच कसा, तोंडावर फेकून मारायला पाहिजे. नाना म्हणाले, "शंकरपाळ्या बऱ्या असतात त्याच्या."

त्या पाटीमुळंच चप्पल आली. फ्लोअरमधली एखादी स्प्रिंग तुटली की नाना तिला मेली म्हणत. ती काढायची तर गालिचा आणि फोम गुंडाळून पाट उचलावा लागे, त्याला दोन माणसं आणि अर्धा दिवस हवा. तोवर तिथं कुणी उडी मारू नये म्हणून सुरुवातीला त्यांनी खडूनं फुली मारली. आमच्याकडं हाताला लावायची पांढरी पावडर सगळीकडं सांडलेली असते, फुली दहा मिनिटांत पुसली गेली. मग लाल झेंडी ठेवली, ती पोरांनी खेळायला पळवली. तिसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये आले तर फ्लोअरच्या मधोमध एक चप्पल. निळ्या पट्ट्याची, रबरी, डाव्या पायाची. आमचे अध्यक्ष अण्णा माझ्या मागोमाग आले आणि त्यांना तर भोवळच यायची बाकी राहिली.

"ज्या जागेला आम्ही नमस्कार करतो तिथं चप्पल? कुणी ठेवली?"

"मी ठिवली," नाना म्हणाले. "रस्ता पाहिलेली नाय ती. कोरी आणलीय, साबणानं धुतलीय, जोडीची उजवी फेकून दिलीय. खडूची फुली तुम्हाला दिसली होती का काल? नाय. चप्पल दारातून दिसली. असं पायजेल."

अण्णा पुष्कळ बोलले. पण नानांचं खरं होतं. आपल्याकडं कुठल्याही पोराला फ्लोअरवर चप्पल दिसली की ते ओरडतं, आणि ओरडलं की सगळे थांबतात. शिवाय तिला हात लावायला कुणी धजत नाही. दोन वर्षं ती चप्पल आमच्या फ्लोअरवर या पाटावरून त्या पाटावर फिरली. नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी नियम सांगायचे: नाना ठेवतात, नानाच उचलतात. हा नियम माझ्या तोंडून शंभर वेळा गेला असेल.

आता दसऱ्याचं सांगते. इतकी वर्षं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला आमच्याकडं साधनांची पूजा होते. बीम, बार, घोडा, फ्लोअर, सगळ्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आपट्याची पानं. त्या दिवशी सराव नसतो. अंबडच्या कारखान्यांत मशिनं त्या दिवशी थांबतात तसंच. नाना म्हणायचे, त्या दिवशी जमिनीला झोपू द्या. त्या वर्षी त्यांना पहाटेच नांदगावला भावाकडं जायचं होतं. तरी जाण्याआधी त्यांनी फ्लोअर टाचेखालून घातला, आणि मी आले तेव्हा नवव्या रांगेतल्या पाचव्या पाटावर, म्हणजे जवळजवळ कोपऱ्यात, ती चप्पल होती.

बाकी हॉल नुसता झळकत होता. मुली अजून बाहेर दारात रांगोळी काढत होत्या. एक पाहुणे यायचे होते, आम्हाला नवीन बीम देणारे, आणि त्यांची गाडी फाटकात वळलेली मला खिडकीतून दिसली. त्या सगळ्या झेंडूत ती निळी चप्पल. पूजेच्या ताटापासून चार हातांवर. मी गेले, दोन बोटांनी ती उचलली आणि स्टोअरच्या दारामागं हारांच्या रिकाम्या टोपलीखाली ठेवली. आज सराव नाहीच, पूजा झाली की परत ठेवू, असं मनाशी म्हटलं.

पूजा झाली. पाहुणे बोलले. मग खुर्चीत रेलून म्हणाले, "मुलींचं काहीतरी बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं." अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी ऋतुजाकडं पाहिलं. ऋतुजा तेव्हा चौदा वर्षांची, राज्य स्पर्धेसाठी निवडली गेलेली, माझी सगळ्यात चांगली मुलगी. मी मान हलवली आणि ती आनंदानं उठली.

विसरले, असं म्हणता आलं असतं. लोकांनी विश्वासही ठेवला असता. पण मी विसरले नव्हते. ती फ्लोअरच्या अलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली तेव्हा मला कळत होतं की ती तिरकी धावणार आणि पलीकडच्या कोपऱ्यात उतरणार. मला चप्पल आठवत होती. 'ऋतुजा, थांब' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पाहुण्यांसमोर ते विचित्र दिसलं असतं, मग कारण सांगावं लागलं असतं, टोपलीखालून चप्पल काढून दाखवावी लागली असती. आणि मला वाटलं, एक पाट, एकच उडी, काय होणार आहे. एवढा विचार करायला मला वेळ मिळाला. म्हणजे थांबवायलाही मिळाला होता.

तिचा उजवा पाय त्या पाटावर उतरला आणि आतल्या बाजूला गेला. आवाज सगळ्यांनी ऐकला. घोटा मोडला होता, गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. दोनदा शस्त्रक्रिया झाली. ती चालायला लागली, पण फ्लोअरवर परत कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना आले. मी स्टोअरमध्ये होते. हॉलभर चप्पल शोधून झाल्यावर त्यांनी दार पुढं ओढलं, टोपली उचलली आणि खालची चप्पल हातात घेतली. तिला झेंडूची एक पाकळी चिकटली होती.

"ताई, ही इथं कशी?"

"पोरांनी ठेवली असेल," मी म्हणाले.

पोरांनी. ज्या पोरांपैकी एकानंही दोन वर्षांत तिला बोट लावलं नव्हतं. नानांनी त्या पाकळीकडं पाहिलं. मग "हं," म्हणाले, पाकळी काढली, सदऱ्याला चप्पल पुसली आणि नवव्या रांगेतल्या पाचव्या पाटावर नेऊन ठेवली.

संध्याकाळी बैठक झाली. ऋतुजाचे बाबा आले होते. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. अण्णांनी नानांना विचारलं, काल सकाळी फ्लोअर तपासला होता का. नाना म्हणाले, तपासला होता. मग पाट खराब आहे हे कळलं नाही? नानांनी तेव्हा एकदा माझ्याकडं पाहिलं. मी पेनचं टोपण काढत होते आणि लावत होते.

"कळलं होतं," नाना म्हणाले. "चप्पल ठिवायची राहिली असंल माझ्याकडून. जायच्या घाईत होतो. वय झालं आता."

ऋतुजाचे बाबा उठून त्यांच्या अंगावर गेले. "माझ्या पोरीचा पाय गेला तुमच्या वयापायी!" असं ओरडले. दोघांनी त्यांना धरलं. नाना बसूनच होते. अडीच बोटांच्या हातानं त्यांनी खिशातून हॉलची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि चपला घालून निघून गेले. मी टोपण लावलं आणि बैठकीचं इतिवृत्त लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, इतिवृत्त नेहमी मीच लिहिते.

त्यानंतर नाना हॉलमध्ये आले नाहीत. मी मागच्या गल्लीतून जाणं सोडलं. पण आठवड्याभरानं सुशीलाकाकू देवळात जाता जाता दारात थांबल्या आणि माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. वहीच्या कागदाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं: 'रांग ४ पाट २. मरायला टेकली.' आम्ही गालिचा काढून पाहिलं तर खालच्या एका स्प्रिंगला बारीक चीर गेलेली. स्वयंपाकघराच्या भिंतीतून त्यांनी ती ऐकली होती. पुढची दोन वर्षं चिठ्ठ्या येत राहिल्या. एकदाही चुकल्या नाहीत. चिठ्ठीत माझं नाव कधी नसायचं, फक्त रांग आणि पाट. ज्या मुली आता माझ्याकडं शिकतात त्यांनी नानांना बघितलेलंही नाही, आणि त्यांचे घोटे शाबूत आहेत ते या चिठ्ठ्यांमुळं.

मी काय केलं? दिवाळीला फराळाचा डबा भरला आणि काकूंच्या हाती पाठवला. खरंच सांगते, तेव्हा मला काही आठवलं नाही. वाटलं, एवढं तरी करावं. पुढच्या वर्षी परत पाठवला.

तिसऱ्या दिवाळीला काकू म्हणाल्या, यांची तब्येत बरी नाही, तुम्हीच या ना घेऊन. मग मला जावं लागलं. नाना पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते. खूप वाळले होते, दोन वाक्यं बोलले की धाप लागायची. मी डबा टेबलावर ठेवला. तिथं आधीच एक स्टीलचा डबा होता.

नाना दोन्ही डब्यांकडं बघत होते. मग म्हणाले, "आता दिवाळीला दोन डबे येतात."

ते टोमणा मारल्यासारखं म्हणाले नाहीत.  तो दुसरा डबा कुणाचा होता ते मला विचारावं लागलं नाही. वीसहून जास्त वर्षं जो माणूस स्वतः न येता डबा पाठवत होता, ज्याच्या तोंडावर डबा फेकून मारा असं मी तावातावानं म्हटलं होतं, त्याच्या शेजारी माझा डबा ठेवला होता.

"नाना, त्या दिवशी चप्पल मी..."

"मला म्हाईत हाय." ते थांबले, श्वास घेतला. "तवाच म्हाईत होतं. पोरं चप्पल टोपलीखाली लपवत नाय. बाहेर फेकत्यात."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"तुम्ही गेला असता तर पोरींना कुणी शिकवलं असतं? आन् खरं सांगू, मी काय देवमाणूस नाय. लय राग होता. अजून हाय. मला वाटलं, आज नाय तर उद्या तुम्ही सांगाल. मी वाट बघत होतो, ताई."

मी रडायला लागले. नानांनी रडू दिलं. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? माझं काय गेलं? किल्ली गेली. जिचा पाय गेला तिला सांगा." आणि जरा वेळानं, "चकल्या लय कडक झाल्या यंदा," असंही म्हणाले.

निघाले तेव्हा नको नको म्हणताना ते भिंत धरून दारापर्यंत आले. आत शिरताना घाईत मी चपला कशाही काढल्या होत्या, एक उलटी पडली होती. नाना उंबऱ्यावर टेकले, वाकले आणि ती उलटी चप्पल सरळ केली. मग दोन्ही उचलून, तोंडं रस्त्याकडं करून, शेजारी शेजारी लावून ठेवल्या. मी "अहो नाना, काय करता!" म्हणेपर्यंत त्यांचं करून झालं होतं. वर बघून त्यांनी एवढंच म्हटलं, "जा." मी त्यांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

मी त्या दिवशी ऋतुजाकडं गेले नाही. स्कूटर तिच्या इमारतीसमोरून नेली, थांबवली नाही. दिवाळीच्या दिवसांत कुठं तिला दुखवायचं, असं मनाशी म्हटलं. मनाशी म्हणायला मला नेहमीच काहीतरी सापडतं. संक्रांतीनंतर नाना गेले. अंत्ययात्रा हॉलसमोरून गेली आणि अण्णांनी सराव दहा मिनिटं थांबवला. भिंतीपलीकडं ऐकणारं आता कुणी नाही. म्हणून मी रोज सकाळी सहाला जाते आणि टाच आपटत फिरते. मला अर्धंच ऐकू येतं, पण फिरते.

गेल्या आठवड्यात मी ऋतुजाकडं गेले. हातात डबा नव्हता, फळं नव्हती, काही नव्हतं. ती आता कॉलेजात आहे. अजूनही जिना उतरताना प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय टाकते. तिचे बाबा कामावर गेले होते. मी चप्पल, टोपली, पाहुणे, सगळं सांगितलं. 'थांब' म्हणायला वेळ होता आणि मी म्हटलं नाही, तेही सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी ती म्हणाली, "ताई, नाना आले होते मला भेटायला. एकदा दवाखान्यात, मग दोनदा इथं. दाराबाहेर उभे राहून हाक मारत होते, 'पोरी, जरा उघड.' मी आतून ऐकत होते. दार उघडलं नाही. नंतर रस्त्यात दिसले की मी पलीकडून जायचे."



"ते गेले तेव्हाही मी आले नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांच्यामुळं झालं."

मग ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. मी थोडा वेळ बसून राहिले. ती बाहेर आली नाही. दारात माझ्या चपला काढल्या तशाच होत्या, तोंडं आतल्या बाजूला. मी वाकून त्या माझ्या हातानं वळवल्या आणि जिना उतरले.